डीएनए चिप तपासणी आणि पेटंटचा वाद: सिकलसेल कुटुंबांनी काय समजून घ्यावे?

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आढळतात. कोलाम, गोंड, परधान, आंध या आदिवासी समाजांत हा आजार आहे आणि इतर काही समाजांतही आहे. घरात एखादे मूल सिकलसेलचे निघाले की पुढच्या गरोदरपणात "जनुकीय तपासणी करून घ्या" असा सल्ला मिळतो. मग "डीएनए चिप", "मायक्रोअ‍ॅरे" अशी नावे कानावर पडतात आणि खर्चाचा आकडा हजारांत जातो.

अशा वेळी कुटुंबाला दोन प्रश्न पडतात. ही तपासणी इतकी महाग का? आणि आपल्याला तिची खरंच गरज आहे का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या चिपच्या पेटंटवरून झालेल्या जुन्या वादात सापडतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, निव्वळ सिकलसेलपुरते बोलायचे तर, बहुतेक वेळा "नाही" असे आहे. या लेखात दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- डीएनए चिप ही एकाच वेळी डीएनएच्या हजारो-लाखो जागा तपासणारी काच आहे.
- ती बनवण्याच्या रासायनिक पद्धतींवरून १९९० च्या दशकापासून कंपन्यांमध्ये मोठे पेटंटवाद झाले.
- भारतात रोगनिदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. यंत्र, रसायन किंवा किट यांवर मात्र मिळू शकते.
- नेहमीच्या क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे तपासणीत सिकलसेल कळत नाही. तो अहवाल "नॉर्मल" आला तरी बाळाला सिकलसेल नाही असे समजू नये.

डीएनए चिप म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्यातील माहिती ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. ए ची जोडी टी शी जुळते आणि जी ची सी शी. हा जोडीचा नियमच चिपचा पाया आहे.

नखाएवढ्या काचेवर डीएनएचे छोटे छोटे तुकडे ठरावीक जागी पक्के बसवलेले असतात. प्रत्येक जागेवरच्या तुकड्याची अक्षरे वेगळी असतात. रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या डीएनएला चमकणारा रंग लावून तो या काचेवर सोडतात. ज्या तुकड्याशी त्याची अक्षरे जुळतात तिथे तो चिकटतो आणि ती जागा चमकते. कोणत्या जागा किती चमकल्या हे यंत्र मोजते आणि त्यावरून अहवाल तयार होतो.

इथे एक खुलासा करायला हवा. सरकारी रुग्णालयात क्षयरोगासाठी होणाऱ्या ट्रूनॅट तपासणीतही "चिप" हा शब्द वापरतात. ती वेगळी वस्तू आहे. त्या चिपवर जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखतात. या लेखातील डीएनए चिपशी तिचा संबंध नाही.

ही चिप बनवतात कशी?

काचेवर डीएनएचे तुकडे बसवण्याच्या मुख्य पद्धती अशा आहेत:

- प्रकाशाच्या साहाय्याने बांधणी: काचेवरच्या प्रत्येक साखळीच्या टोकाला एक रासायनिक टोपण असते. प्रकाश पडला की ते निघते. ठरावीक छिद्रे असलेल्या जाळीतून प्रकाश सोडला की तेवढ्याच जागांची टोपणे निघतात आणि तिथे पुढचे अक्षर जोडता येते. २५ अक्षरांची साखळी बांधायची तर प्रत्येक स्थानासाठी चार अक्षरे, म्हणजे जास्तीत जास्त १०० फेऱ्या लागतात.
- थेंब टाकून बांधणी: शाईच्या प्रिंटरसारख्या यंत्राने योग्य जागी योग्य अक्षराचे रसायन थेंबाथेंबाने टाकतात.
- तयार तुकडे लावणे: डीएनएचे तुकडे आधीच तयार करून बारीक सुईसारख्या टोकांनी काचेवर ठिपके देतात.
- मण्यांवरची पद्धत: अतिसूक्ष्म मण्यांवर तुकडे बसवून ते मणी बारीक खाचांमध्ये बसवतात.

ऐकायला ही कारखान्यातली बारीकसारीक माहिती वाटते. पण याच बारकाव्यांवर कोट्यवधी डॉलरचे खटले लढले गेले.

पेटंट म्हणजे नेमके काय?

नवा शोध लावणाऱ्याला सरकार ठरावीक काळासाठी एक हक्क देते. त्या काळात त्याच्या परवानगीशिवाय दुसरे कोणी तो शोध बनवू, वापरू किंवा विकू शकत नाही. भारतात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे. बदल्यात शोधकर्त्याला आपली पद्धत जाहीर करावी लागते. मुदत संपली की ती सर्वांना खुली होते.

पेटंट हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. "आमची तपासणी पेटंटेड आहे" असे माहितीपत्रकावर छापलेले असले, तर त्याचा अर्थ त्या पद्धतीवर कोणाची तरी मालकी आहे एवढाच. ती तुमच्या आजारासाठी योग्य किंवा अचूक आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

वाद कशावरून झाला?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञ एडविन सदर्न यांनी १९८८ मध्ये काचेवर डीएनएचे अनेक तुकडे ठरावीक जागी बसवण्याच्या कल्पनेवर ब्रिटनमध्ये पेटंट अर्ज केला. पुढे ऑक्सफर्ड जीन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि या हक्कांचे परवाने देऊ लागली.

तिकडे कॅलिफोर्नियात स्टीफन फोडोर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने साखळ्या बांधण्याची पद्धत १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. त्या कामातून अ‍ॅफिमेट्रिक्स ही कंपनी उभी राहिली. तिची चिप काही वर्षांतच जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

मग प्रश्न आला की या बाजारावर हक्क कोणाचा? ऑक्सफर्डच्या कंपनीने १९९९ मध्ये अमेरिकेत डेलावेअर येथे दावा लावला. दरम्यान अ‍ॅफिमेट्रिक्सने बेकमन या कंपनीचा चिपचा व्यवसाय विकत घेतला होता. बेकमनकडे ऑक्सफर्डचा परवाना होता. व्यवसायाबरोबर परवानाही मिळतो का, यावर इंग्लंडच्या न्यायालयात वेगळी लढाई झाली. २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने परवाना अ‍ॅफिमेट्रिक्सकडे आल्याचे मान्य केले. अमेरिकेतील ज्युरीने मात्र परवान्याआधीच्या काळात पेटंटचा भंग झाल्याचे म्हटले. अखेर २००१ मध्ये दोघांत तडजोड झाली.

हा एकच वाद नव्हता. ठिपके देऊन चिप बनवणाऱ्या इन्साइट कंपनीशीही अ‍ॅफिमेट्रिक्सचे खटले चालले आणि तेही २००१ मध्ये मिटले. मण्यांची पद्धत वापरणाऱ्या इल्युमिना कंपनीवर तिने २००४ मध्ये दावा लावला. तो २००८ मध्ये मिटला आणि इल्युमिनाने ९ कोटी डॉलर दिले.

याचा रुग्णांवर काय परिणाम झाला?

खटल्यांचा आणि परवान्यांचा खर्च कंपनी शेवटी वस्तूच्या किमतीतच धरते. चिप महाग असली की ती विकत घेणारी प्रयोगशाळा कमी रुग्णांना परवडते. सुरुवातीच्या वर्षांत किमतीमुळे अनेक विद्यापीठांना तयार चिप घेणे जमत नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेने १९९८ च्या सुमारास स्वतः चिप बनवण्याची कृती सर्वांसाठी खुली केली, त्यामागे हीच अडचण होती.

दुसरी बाजूही पाहायला हवी. पेटंटचे संरक्षण नसते तर इतका पैसा घालून चिप बाजारात आणायला कोणी पुढे आले असते का, असा प्रश्न कंपन्या विचारतात. तो अगदीच चुकीचा नाही. सदर्न यांनी पेटंटमधून आलेल्या पैशातून कर्कहाऊस ट्रस्ट स्थापन केला. तो ट्रस्ट आफ्रिका आणि भारतातील कडधान्य पिकांच्या संशोधनाला मदत करतो.

त्या काळातील मूळ पेटंटांची मुदत आता संपली आहे. आज तपासणीच्या बिलात पेटंटखेरीज यंत्राची किंमत, आयात केलेली रसायने, नमुना पाठवण्याचा खर्च आणि अहवाल वाचणाऱ्या तज्ज्ञाचे मानधन असे बरेच काही असते. म्हणून "महाग आहे म्हणजे पेटंटमुळेच" असा सरळ निष्कर्ष काढू नये.

सिकलसेलशी याचा काय संबंध?

याच एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएचा विशिष्ट तुकडा शोधण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. ती "सदर्न ब्लॉट" या नावाने ओळखली जाते. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला ती वापरता आली.

तीनच वर्षांत, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियातील वाय. डब्ल्यू. कान आणि अँड्री डोझी यांनी या पद्धतीच्या आधारे गर्भातील सिकलसेलचे निदान डीएनएवरून करून दाखवले. गर्भातल्या आनुवंशिक आजाराचे डीएनएवरून निदान करण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक आहे. एकाच शास्त्रज्ञाची एक पद्धत खुली राहिली आणि लगेच रुग्णांच्या कामी आली. दुसरी पेटंटमध्ये गेली आणि तिच्यावरून न्यायालयात वर्षे गेली. दोन्हींतून विज्ञान पुढे गेले, पण सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्याचा वेग सारखा नव्हता.

भारतातील कायदा काय म्हणतो?

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(आय) नुसार माणसावरील उपचाराच्या आणि रोगनिदानाच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. तपासणी शरीरावर न होता बाहेर प्रयोगशाळेत झाली म्हणून ती या बंदीतून आपोआप सुटत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ते प्रकरण गर्भाच्या डीएनएच्या रक्ततपासणीशी संबंधित होते. निसर्गात आहे तशा वस्तूच्या नुसत्या शोधावरही आपल्याकडे पेटंट नाही. अमेरिकेत मात्र स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांवर एका कंपनीचे पेटंट वर्षानुवर्षे होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये निसर्गातील डीएनएवर पेटंट देता येत नाही असा निकाल दिला.

पेटंटच्या निर्णयाने रुग्णाचे बिल किती बदलते, याची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधावरील पेटंट वाढवून मिळण्याचा अर्ज फेटाळला गेला. त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन होत्या. क्षयरोगाच्या जुन्या औषधांमुळे त्यांची श्रवणशक्ती गेली होती. पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती, अगदी रुग्णसुद्धा, हरकत घेऊ शकते. ही तरतूद आपल्या कायद्यात आहे.

सिकलसेलसाठी डीएनए चिप लागते का?

बहुतेक कुटुंबांना लागत नाही. सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो. नेहमीची क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे तपासणी गुणसूत्राचा एखादा तुकडा गळाला आहे का किंवा जास्तीचा आला आहे का, हे पाहते. पुस्तकाची पाने मोजणाऱ्याला एका शब्दातली चुकलेली वेलांटी दिसत नाही, तसेच हे आहे.

सिकलसेलसाठी तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो:

१. सोल्युबिलिटी चाचणी: बोटातील थेंबभर रक्तावर होते. सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे कळत नाही. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात तिच्यावर विसंबू नये.

२. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी: यातून वाहक की रुग्ण हे ठरते. सोबत थॅलेसेमियाचा दोष असेल तर त्याचाही अंदाज येतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर आधी सांगा, नाहीतर अहवाल चुकू शकतो.

३. नेमकी डीएनए तपासणी: वरच्या अहवालात शंका असेल किंवा गर्भाचे निदान करायचे असेल तेव्हाच लागते. यात फक्त त्या एका अक्षराची जागा तपासतात.

पहिल्या दोन तपासण्यांसाठी खासगी प्रयोगशाळेत जाण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ० ते ४० वयोगटाची तपासणी केली जात आहे.

दोघेही वाहक असतील तर?

पती-पत्नी दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते.

गर्भाचे निदान करायचे असेल तर वेळ महत्त्वाची. वारेचा अगदी लहान नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात आणि गर्भजल १५-१६ आठवड्यांनंतर. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो समजून घेऊनच निर्णय घ्यावा. कायद्याने ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करता येते आणि बाळाचे लिंग सांगितले जात नाही. मुंबईतील राष्ट्रीय रक्तविकार संशोधन संस्थेत या क्षेत्रातील तज्ज्ञ आहेत. यवतमाळच्या शेजारी चंद्रपूरलाही तिचे केंद्र आहे. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि आधीचे सगळे अहवाल घेऊन जा.

मग मायक्रोअ‍ॅरे कोणासाठी उपयोगी?

- ज्या मुलाची बौद्धिक वाढ मागे आहे आणि कारण सापडत नाही
- जन्मतः एकापेक्षा जास्त अवयवांत दोष आहेत
- स्वमग्नतेबरोबर इतर लक्षणे आहेत
- सोनोग्राफीत गर्भात ठळक दोष दिसला आहे

अशा ठिकाणी ही तपासणी खूप मोलाची आहे. अहवालात कधी कधी "अर्थ निश्चित नाही" असा बदल लिहून येतो. त्याचा अर्थ आजार आहे असा नाही. अशा अहवालावरून घाईने निर्णय घेऊ नका. जनुकीय समुपदेशकाशी बोला.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

- ही तपासणी नेमका कोणता आजार शोधण्यासाठी सांगितली आहे?
- सिकलसेलचा बदल यात तपासला जातो का? तसे लेखी द्याल का?
- पती-पत्नी दोघांचा एचपीएलसी अहवाल आधी पाहिला आहे का?
- अहवाल काहीही आला तर पुढे उपचार किंवा निर्णय काय बदलणार आहे?
- हीच माहिती कमी खर्चात किंवा सरकारी केंद्रात मिळेल का?
- अहवाल किती दिवसांत येईल? गरोदरपणात तोवर उशीर तर होणार नाही ना?

उपचार थांबवू नका

सिकलसेलच्या रुग्णासाठी सर्वांत उपयोगी औषधांपैकी एक म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. ते फार जुने आहे, त्यावर पेटंटचे बंधन नाही आणि ते स्वस्त आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताची तपासणी करत ते नियमित घ्यावे. गरोदर राहायचे असेल तर ते सुरू ठेवावे की थांबवावे, हे आधी विचारा.

ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, पोटात डाव्या बाजूला पाणथरी वाढून पोट फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालयात जा. जनुकीय अहवाल यायचा आहे म्हणून वाट पाहू नका.

पेटंट कोणाचे, खटला कोण जिंकले, चिप कोणत्या कंपनीची, यावरून तपासणीची किंमत ठरू शकते. तिची गरज मात्र तुमच्या घरातील आजारावरून ठरते. आपल्या प्रश्नाचे उत्तर ज्या तपासणीतून मिळते ती शंभर रुपयांची असली तरी पुरेशी आहे. ज्या तपासणीतून ते मिळत नाही, ती कितीही आधुनिक असली तरी तिच्यावर कर्ज काढू नका.

ही माहिती सर्वसाधारण समजासाठी आहे. आपल्या बाबतीतला निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.